साताऱ्याहून जाफन्याला : युद्धोत्तर श्रीलंकेत विद्यार्थ्यांचा अभ्यासदौरा कसा आखावा

शांतता-अभ्यास म्हटला की रवांडा, बोस्निया ही नावे पुढे येतात. सातारा-सांगलीच्या कॉलेजच्या खिशाला ती परवडणारी नाहीत. श्रीलंका परवडते. मुंबईहून कोलंबोचे विमान साधारण अडीच तासांत पोहोचते आणि विद्यापीठांत इंग्रजीवर भागते. सरकार आणि वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी लिट्टे ही संघटना यांच्यात १९८३ पासून मे २००९ पर्यंत चाललेल्या युद्धाचे साक्षीदार अजून बोलू शकतील अशा वयाचे आहेत. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी. बोस्नियात तुम्ही त्रयस्थ पाहुणे असाल, श्रीलंकेच्या उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्यात नसाल. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारतीय शांतिसेना तिथे उतरली आणि मार्च १९९० पर्यंत राहिली. त्या फौजेत आपल्याकडची माणसे होती. दौऱ्याची आखणी याच गोष्टीपासून सुरू करा.

गट किती, दिवस किती, कधी

बारा विद्यार्थी, दोन शिक्षक. शिक्षकांपैकी एक तरी महिला हवीच. युद्धात नवरा किंवा मुलगा गमावलेल्या बायका पुरुष शिक्षकासमोर अर्ध्यावर थांबतात आणि मग त्या अर्ध्यावरच अहवाल लिहिला जातो. बारा जणांचे तिघातिघांचे चार गट करा : एक विचारणारा, एक लिहिणारा, एक नुसता पाहणारा. पाहणाऱ्याचे काम फुकटचे वाटते, पण बोलणाऱ्याचा चेहरा बदलला, दारात कोणी येऊन उभे राहिले, दुभाषाने लांबलचक उत्तर दोन शब्दांत आटोपले, हे त्यालाच दिसते.

चौदा दिवस धरा. त्यातले मुलाखतींचे सहा. दोन दुभाषे असतील तर प्रत्येकी दिवसाला दोन मुलाखती, म्हणजे रोज चार आणि एकूण चोवीस. प्रत्येक गटाच्या वाट्याला दिवसाला एकच मुलाखत येते. हे कमी वाटेल, पण तासभराच्या मुलाखतीच्या नीट नोंदी लिहायला किमान दोन तास जातात. रोज तीन-तीन मुलाखती उरकणाऱ्या गटाच्या वहीत तिसऱ्या दिवसानंतर फक्त तुटक शब्द सापडतात.

कधी जायचे, इथे बहुतेक आखण्या चुकतात. आपली उन्हाळी सुट्टी सोयीची वाटते, पण १८ मेला उत्तरेत मुल्लिवायक्कालचा, म्हणजे युद्धाच्या अखेरीस तिथे मारल्या गेलेल्या तमिळ नागरिकांचा, स्मृतिदिन असतो. त्या आसपास वातावरण तंग असते आणि पाळतही वाढते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ईशान्य मोसमी पाऊस गाठतो. ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तरेत पाण्याचे दिवस, शिवाय २७ नोव्हेंबर हा लिट्टेच्या मृत लढवय्यांचा ‘वीरांचा दिवस’ म्हणून तितकाच नाजूक. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यांत बरा. त्यासाठी विद्यापीठाचे वेळापत्रक पाहून प्राचार्यांशी आदल्या जूनमध्येच बोलावे लागते. पौर्णिमेची तारीखही तपासा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी कचेरीत कोणी भेटत नाही.

कचेरी हा शब्द तिथेही चालतो, जिल्हा कार्यालयाला लोक ‘कच्चेरी’च म्हणतात. गावपातळीवर ग्राम निलधारी असतो. त्याचे काम आपल्या तलाठी आणि ग्रामसेवकाच्या मधले कुठेतरी समजा.

कागदपत्रे

दोन्ही जिल्ह्यांचे पासपोर्ट पुणे प्रादेशिक कार्यालयाकडून येतात. पोलीस पडताळणीला गावचा पत्ता आणि कॉलेजच्या वसतिगृहाचा पत्ता यांचा घोळ हमखास होतो, म्हणून सहा महिने आधी अर्ज करा.

व्हिसाच्या बाबतीत पळवाट शोधू नका. पर्यटक म्हणून नोंद करायची आणि वही-रेकॉर्डर घेऊन युद्धग्रस्त गावांत फिरायचे, हे चालून जाते असे सांगणारे भेटतील. अडचण आली तर तुम्ही विमानाने परत याल, यजमान मात्र तिथेच राहणार आहेत. जाफना विद्यापीठ, कोलंबो विद्यापीठ किंवा पेरादेनिया यांपैकी एखाद्या विभागाशी लेखी संबंध जोडा. त्यांच्या निमंत्रणपत्रात विषय, तारखा आणि सर्वांची नावे असू द्या, आणि कोणत्या प्रकारचा व्हिसा घ्यायचा हे त्यांच्याकडूनच विचारून घ्या. विद्यापीठाबाहेर १९५८ पासून गावोगाव काम करणारी सर्वोदय चळवळ आणि १९९५ मध्ये सुरू झालेली नॅशनल पीस कौन्सिल यांनाही पत्र घाला. जाफन्यात भारताचे महावाणिज्य दूतावास आहे. तिथे दौऱ्याची माहिती आधी कळवावी, पण मुलाखतींच्या ठिकाणी त्यांची गाडी किंवा माणूस सोबत घेऊ नये.

घरची तयारी : आठ आठवडे

पहिले दोन आठवडे वाचनाचे. वर्गाच्या भिंतीवर एक लांब कागद लावा आणि त्यावर तीन रंगांत घटना लिहा. १९५६ चा फक्त सिंहलीला राजभाषा करणारा कायदा. १९८१ मध्ये जळालेले जाफन्याचे ग्रंथालय, सुमारे ९७,००० पुस्तके. जुलै १९८३ ची तमिळविरोधी कत्तल. मे १९८५ मध्ये अनुराधापुरात बोधिवृक्षाच्या परिसरात मारले गेलेले सिंहली भाविक. ऑगस्ट १९९० मध्ये कट्टणकुडीच्या मशिदींत मारले गेलेले मुस्लीम आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेतून हाकलली गेलेली सत्तर हजारांहून अधिक मुस्लीम माणसे. तीन रंग तीन समाजांच्या दुःखाचे. एखादा रंग कागदावर विरळ दिसला तर तुमचे वाचन तिकडे कमी पडले आहे.

तिसरा आठवडा महत्त्वाचा. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे रीतसर पत्र देऊन श्रीलंकेत सेवा केलेल्या दोन-तीन माजी सैनिकांशी गाठ घालून द्यायची विनंती करा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे असलेल्या जिल्ह्यात हे अवघड नाही. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, हे पुस्तकात वाचलेले असते. पण पाणी कुठून आणायचे, भाषा न येता गावात झडती कशी घ्यायची, शांतता राखायला आलो आणि लढाईला उभे राहिलो हे नेमके कोणत्या दिवशी समजले, हे तिथे राहिलेला सुभेदारच सांगेल. “किती मारले?” हा प्रश्न विचारायचा नाही. त्यांना काका म्हणा, सलग बोलू द्या, मध्येच तारखा दुरुस्त करू नका. सुमारे १,२०० भारतीय जवान तिथे कामी आले. त्यांतला एखादा समोर बसलेल्या काकांच्या पलटणीतला असू शकतो.

त्याच आठवड्यात दुसरी बाजूही वाचा. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या दिवसांत, जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात भारतीय जवानांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारले गेले. शांतिसेनेच्या आयपीकेएफ या इंग्रजी अक्षरांचा ‘निरपराधांना मारणारी फौज’ असा कडवट अर्थ तिथे लावला गेला. काकांचे बोलणे आणि हे वाचन यांतले एक खरे नि दुसरे खोटे ठरवायची घाई करू नका. दोन्ही वहीत शेजारीशेजारी ठेवायची सवय इथेच लागली पाहिजे, जाफन्यात पोहोचल्यावर ती लागत नाही.

पुढचे दोन आठवडे सरावाचे. एक सराव कोयना धरणग्रस्तांच्या वसाहतीत : गेलेली जमीन, मिळालेली जमीन आणि त्यामधले कागद याबद्दल विचारायला शिका. दुसरा मिरजेत. श्रीलंकेतले युद्ध संपले त्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. तेव्हाच्या शांतता समितीच्या सदस्यांना, दोन्ही समाजांतल्या दुकानदारांना भेटा. युद्ध आणि दंगल एक नव्हे, तुलना करत बसू नका. पण “आता सगळे ठीक आहे” या वाक्यामागे काय दडलेले असते, ते ओळखायचा कान इथे तयार होतो.

उरलेले तीन आठवडे प्रश्नावली, दुभाषासह रंगीत तालीम आणि कागदपत्रांचे. तालमीसाठी कन्नड बोलणारा माणूस जतच्या बाजूला सहज मिळतो. त्याची मुलाखत कन्नड जाणणाऱ्या मित्रामार्फत घ्या म्हणजे दुभाषा मध्ये असला की वेळ दुप्पट लागतो, हे अंगवळणी पडेल.

विषय एकच घ्या

‘समेट’ हा विषय नाही, ती बारा पुस्तकांची प्रस्तावना झाली. पुढील चारांपैकी एक निवडा.

बेपत्ता माणसे. २०१६ च्या कायद्याने बेपत्ता व्यक्तींचे कार्यालय स्थापण्याची तरतूद झाली, आयुक्त २०१८ मध्ये नेमले गेले. त्याच सुमारास मृत्यूच्या दाखल्याऐवजी ‘अनुपस्थितीचा दाखला’ घेण्याची सोय झाली. अनेक कुटुंबे मृत्यूचा दाखला नाकारतात, कारण तो घेतला की “माझा मुलगा कुठे आहे?” हा प्रश्न सरकारच्या दृष्टीने मिटतो. किलिनोच्ची आणि वावुनियात आयांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये रस्त्याकडेला धरणे सुरू केले. विषय सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत धोक्याचा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीच घ्यावा.

लष्कराने घेतलेली जमीन. जाफन्याजवळच्या पलालीच्या अतिसुरक्षा क्षेत्रातली काही जमीन टप्प्याटप्प्याने परत मिळाली. परत आलेल्या माणसाला बांध सापडतो का, विहिरीचे पाणी वापरण्याजोगे आहे का, कागद कोणाच्या नावावर आहे, असे साताऱ्याच्या मुलाला आपोआप सुचणारे प्रश्न इथे नेमके लागू पडतात. जाफना द्वीपकल्पात बारमाही नदी नाही, सगळा संसार चुनखडीतल्या विहिरींवर चालतो. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला आम्ही हाच विषय सुचवू.

मासेमारी. तमिळनाडूच्या ट्रॉलरांनी समुद्राचा तळ खरवडून नेल्याची तक्रार जाफन्याचे कोळी भारतीय दिसताच पहिली करतात. भाषा एक, धर्म बहुधा एक, तरीही पोटाचे भांडण. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणारी मासेमारी कायद्याने बंद केली.

स्मारके. किलिनोच्चीत भेगाळलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यातून उमललेले कमळ हे लष्कराचे विजयस्मारक आहे. जाफना विद्यापीठातले मुल्लिवायक्कालचे स्मारक जानेवारी २०२१ मध्ये रात्री पाडले गेले, निदर्शने झाली आणि काही महिन्यांत ते पुन्हा उभे राहिले. प्रत्येक स्मारकापाशी तेवढेच पाहा : मजकूर किती भाषांत, शोक कोणाचा, आणि फुले कोण वाहते. मुलाखतीविना होणारा हा एकमेव विषय, म्हणून लाजऱ्या गटाला चांगला.

प्रश्न आणि मुलाखत

“तुम्ही त्यांना माफ केले का?” असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आमच्या मते दौऱ्याला न्यायच्या लायकीचा नाही. प्रश्न छोटे, हाताला लागतील असे हवेत. परत आलात तेव्हा घराचे काय उरले होते? पहिल्या वर्षी पीक काय घेतले? कागदासाठी कोणत्या कचेरीत किती वेळा गेलात? आता भांडण झाले तर गावात आधी कोणाकडे जाता? मोठी उत्तरे अशाच प्रश्नांतून येतात. मृत्यूबद्दल आपण होऊन विचारायचे नाही, त्यांनी विषय काढला तर ऐकायचे. मृतांचे आकडे आपल्या तोंडून काढू नका. शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले, सरकारने ते मानले नाही. तुम्ही आकडा उच्चारला की बाजू घेतलीत.

संमती तोंडी आणि त्यांच्या भाषेत घ्या. छापील कागदावर सही मागू नका. युद्धात सही, यादी आणि फोटो यांचा अर्थ फार वेगळा होता. पाच गोष्टी सांगायच्या : आम्ही कोण, कशासाठी, नाव लिहिणार नाही, कधीही थांबता येईल, आणि यातून तुम्हाला काही मिळणार नाही. शेवटची गोष्ट विद्यार्थी संकोचाने गाळतात. मग घराचा हप्ता, मुलाची नोकरी, परदेशी मदत अशा आशा लागतात आणि पुढच्या गटाला दारे बंद होतात.

जागा त्यांनी ठरवायची. परके तरुण घरात तासभर बसले की शेजाऱ्यांना दिसते, आणि नंतर साध्या वेषातला कोणी चौकशीला येऊ शकतो. देऊळ, चर्च, संस्थेची खोली त्यांना जास्त सोयीची वाटू शकते. वेळ पंचेचाळीस मिनिटे, ताणून एक तास. रडू आले तर वही मिटा, पाणी द्या, गप्प बसा. “पुढचा प्रश्न” असे म्हणू नका.

दुभाषा निवडताना चार जण टाळा : नातेवाईक, गावातला पुढारी, सरकारी कर्मचारी आणि माजी सैनिक किंवा माजी लढवय्या. विद्यापीठातली पदव्युत्तर विद्यार्थिनी उत्तम. मानधन दिवसाचे ठरवा, मुलाखतीमागे नको, नाहीतर घाई होते. उत्तर “ती म्हणते...” असे न सांगता प्रथमपुरुषात, “मी...” असे सांगायला लावा.

संबोधनांची एक गंमत आहे आणि तीच खड्डाही. अक्का आणि अण्णा तमिळमध्ये आपल्यासारखेच, थोरली बहीण आणि थोरला भाऊ. सांगलीकराला घरच्यासारखे वाटेल. पण ‘अय्या’ तमिळमध्ये वडीलधाऱ्याला आदराने म्हणतात, तर सिंहलीत अय्या म्हणजे थोरला भाऊ. वावुनियासारख्या मिश्र गावात सत्तरीच्या सिंहली आजोबांना अय्या म्हणालात तर ते हसतील, एवढेच.

“भारताने असे का केले?” हा प्रश्न येणारच. बचाव नको, माफीही नको, दोन्ही तुमच्या अधिकारात नाहीत. आधीच पाठ करून ठेवा : “आम्ही विद्यार्थी आहोत, सरकारचे नाही. त्या काळाबद्दल तुम्ही सांगाल ते ऐकायला आलो आहोत.” मग खरोखर ऐका.

चौदा दिवसांचा साचा

पहिले दोन दिवस कोलंबो : सिमकार्ड, पैसे, दुभाषांची बैठक, एखादे व्याख्यान. तिसरा दिवस पुत्तलम, उत्तरेतून हाकलले गेलेले मुस्लीम तिथे वसले आहेत. चौथा-पाचवा अनुराधापुरा आणि वावुनियाच्या सीमेवरची सिंहली गावे, तिथेही गमावलेल्या मुलांची छायाचित्रे भिंतीवर असतात. इथे सिंहली दुभाषा लागेल. सहावा दिवस रेल्वेने जाफना. हा लोहमार्ग युद्धात उखडला गेला होता, भारताच्या इरकॉन या सरकारी कंपनीने तो पुन्हा बांधला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये गाडी जाफन्यात आली. सातवा ते नववा दिवस मुलाखतींचे. दहावा दिवस मोकळा ठेवा, ठरलेल्या मुलाखतींपैकी चार-पाच तरी पुढे ढकलल्या जातात. अकरावा किलिनोच्ची-मुल्लैतिवु. बाराव्या दिवशी जाफना विद्यापीठात तुमची प्राथमिक निरीक्षणे मांडा आणि त्यांच्या दुरुस्त्या मुकाट लिहून घ्या. तेरावा प्रवास, चौदावा घरी.

अहवालाच्या नोंदी त्याच रात्री पूर्ण करा. नावाऐवजी संकेत : ‘जा-०४-स्त्री-५०’ म्हणजे जाफन्यातली चौथी, पन्नाशीतली बाई. संकेतांची किल्ली एकट्या शिक्षकाच्या वहीत, फोनमध्ये नाही. रेकॉर्डिंग शक्यतो नकोच.

काय काय बिघडते

रस्ता सोडून झुडपात लघवीला जाणे. मुहमालैच्या बाजूला अजून सुरुंग काढायचे काम चालते. लाल पाटीवर कवटी दिसली की पाऊल मागे. पाटी नसली तरी मळलेल्या वाटेनेच चाला.

तळ, चौकी, गणवेश यांचे फोटो. एका फोटोपायी अख्खा दिवस ठाण्यात जातो. लिट्टेची चिन्हे, ध्वज, गाणी फोनमध्ये ठेवू नका आणि आठवण म्हणून आणू नका. ती संघटना दोन्ही देशांत बंदी घातलेली आहे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणे दक्षिणेत गंभीर अपमान मानतात. नल्लूरच्या कंदस्वामी देवळात पुरुषांना सदरा काढून आत जावे लागते, हे मुलांना आधी सांगा.

ताप. डेंग्यू भरपूर आहे. मलेरिया मात्र नाही : २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त जाहीर केला. त्यामुळे डॉक्टरच्या डोक्यात तो चटकन येत नाही. ताप आला तर “आम्ही भारतातून आलो” हे पहिले वाक्य असू द्या.

भेटी. मुलाखतीचे रोख पैसे देऊ नका, येण्याजाण्याचा खर्च आणि चहा-बिस्किटे पुरे. यजमानांसाठी साताऱ्याचे कंदी पेढे न्यावेसे वाटतात (कँडी शहरात कंदी पेढे वाटण्याचा मोह समजू शकतो), पण चौदा दिवसांच्या दमट हवेत त्यांचा भरवसा नाही. तासगावचे बेदाणे टिकतात, पाव किलोची पाकिटे करा.

खर्चाचा तक्ता विमान, आतला प्रवास, मुक्काम-जेवण, दुभाषे, विमा अशा पाच रकान्यांत मांडा आणि एकूण रकमेच्या पंधरा टक्के राखीव ठेवा. कपात करायची वेळ आली तर मुक्काम साधा करा, दुभाषांना हात लावू नका.

परत आल्यावर

तीन आठवड्यांत मसुदा. त्याचा दोन पानी गोषवारा तमिळ आणि सिंहलीत करून यजमानांना पाठवा. त्याचे भाषांतराचे पैसे आधीच बाजूला काढलेले असावेत, नाहीतर हे काम कधीच होत नाही. अहवाल मंजूर झाला की संकेतांची किल्ली जाळून टाका आणि तारीख नोंदवा.

कॉलेजात सादरीकरण ठेवाल तेव्हा तिसऱ्या आठवड्यात भेटलेल्या माजी सैनिकांना बोलवायचेच. पण रुग्णालयाचा भाग त्यांनी पहिल्यांदा भरसभेत ऐकावा, असे होऊ देऊ नका. आठवडाभर आधी दोघांनी त्यांच्या घरी जा, तो भाग वाचून दाखवा, आणि त्यांना काही जोडायचे असेल तर ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.